चौदा ऑक्टोबरची एक ओळ

माझा भाऊ हरिचंद्र नॉर्वेतल्या लोकांची फुकट कामं करायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं डोक्यात शिरायला सोपं जाईल. घरातला नळ महिनाभर टपटपत होता, त्याला हात लावायला साहेबांना वेळ नव्हता. पण नॉर्वेतल्या कुणा ओलाफला त्याच्या प्रोग्रॅममधली चूक सापडेनाशी झाली, की हा हेंद्रेपाड्यात भरल्या ताटावरून उठायचा.

नव्याण्णव सालची गोष्ट. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर. मी, अंजना, अंबरनाथच्या एका पतपेढीत कॅशियर. माहेरीच राहते. का राहते ते विचारू नका, तो विषय वेगळा आहे आणि त्यात शिव्या जास्त आहेत. हरिचंद्र उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, लछूसेठच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. तिथे इंटरनेट होतं, आणि तिथूनच ही ब्याद घरात आली.

"ताई, हे प्रोग्रॅम उघडे असतात," त्याने मला समजावलं. "आतलं सगळं लिखाण कुणीही वाचायचं, चुकलं असेल तर सुधारायचं आणि परत पाठवायचं. पटलं तर ते ठेवून घेतात. मग जगात ज्याच्या ज्याच्याकडे तो प्रोग्रॅम आहे, त्या सगळ्यांना आपली सुधारणा मिळते."

"पगार?"

"नाही."

"मग मिळतं काय?"

"नाव छापतात."

मी म्हटलं, "नाव तर आण्णांनी पण ठेवलंय तुझं. तेही फुकटच."

पण खोटं कशाला बोलू, मला ते जरा पटलंही होतं. आमच्या शेजारच्या कौसाबाई मसाल्याचं प्रमाण कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तरी त्यातलं एक काहीतरी मुद्दाम गाळतात. हे लोक आपला मसाला उघडा सांगतात, वर म्हणतात, तुला धने वाढवावेसे वाटले तर वाढव आणि आम्हालाही कळव. अशी माणसं पृथ्वीवर असतील तर बरंच आहे.

लछूसेठला मात्र हे बिलकूल पचेना. उल्हासनगरच्या बाजारात जगातल्या कुठल्याही वस्तूची डिट्टो नक्कल मिळते, आणि ते शास्त्र सेठ कोळून प्यायलेला. "साईं," तो हरिचंद्रला म्हणाला, "जिसकी कॉपी मारने को मालिक खुद बोलता है, वो माल कौन लेगा? जरूर कुछ खराबी होगी." तरीपण फुकट मिळालेलं सोडेल तो सेठ कसला? ओलाफचा एक कॅलेंडरचा प्रोग्रॅम होता. महिना सांगितला की महिन्याचा कागद छापून द्यायचा, त्यात देशोदेशीच्या सुट्ट्या ठळक अक्षरांत. सेठने तो अंबरनाथच्या कारखान्यांच्या ऑफिसांत बसवून द्यायचा धंदा सुरू केला. त्यातलं एक ऑफिस आमच्या आण्णांच्या कारखान्याचं होतं.

आता आण्णांचं सांगते, कारण गोष्ट त्यांची आहे. बाकी सगळी वरात.

आण्णा म्हणजे आमचे वडील, शिवराम. छप्पन साली चौदा ऑक्टोबरला आजोबांचं बोट धरून नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले, तेव्हा पंधरा वर्षांचे होते. पुढे अंबरनाथच्या कारखान्यात लागले. पहिल्याच वर्षी त्यांनी साहेबाकडे रजेचा अर्ज दिला, कारण लिहिलं, धम्मचक्र प्रवर्तन दिन. साहेबाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "यात कुठे आहे? मला दाखव आणि जा." नव्हतंच, तर दाखवणार काय? त्या वर्षी आण्णा मशीनवर उभे राहिले. दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी सिक टाकायला सुरुवात केली. पोटदुखी. दर ऑक्टोबरला नागपूरची गाडी पकडायची आणि अर्जात पोटदुखी लिहायची. भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले तर स्टेशनपर्यंत परत करायला जाणारा माणूस! वर्षातून एकदा खोटं बोलायचा, तेही नेमकं त्याच दिवशी. खोटं बोलणार नाही म्हणून पंचशील घेतल्याच्या दिवशी! आई कधी चिडवायची, "आलं का तुमचं दुखणं जवळ?" तर आण्णा ताट सरकवून उठून जायचे. घरात त्यावर कुणी हसायचं नाही.

आणि डिसेंबरात आण्णा रिटायर होणार होते. म्हणजे हा शेवटचा ऑक्टोबर.

हरिचंद्रने ओलाफच्या प्रोग्रॅममधलं हिंदुस्थानचं पान उघडून बघितलं. पंधरा ऑगस्ट होता, दोन ऑक्टोबर होता, दिवाळी एक दिवस चुकलेली होती. चौदा ऑक्टोबर कोरा. याने एक ओळ लिहिली आणि पाठवून दिली. तीन दिवसांनी ओलाफचं उत्तर: आभारी आहे, चांगली भर आहे, सप्टेंबरअखेर निघणाऱ्या नव्या आवृत्तीत घेतो.

बस. एवढंच. ना मोर्चा, ना निवेदन. हरिचंद्रने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं की, कुणाची सही लागली नाही? कुठे जावं लागलं नाही? नव्या आवृत्तीचं कॅलेंडर लछूसेठ कारखान्यात बसवणार, ऑक्टोबरचा कागद साहेबाच्या भिंतीवर लागणार आणि त्यात चौदा तारखेला आमचा दिवस असणार. मग आण्णा अर्जात खरं कारण लिहिणार. साहेबाने विचारलं, कुठे आहे, तर बोट दाखवणार.

आण्णा आनंदाने नाचले वगैरे नाहीत. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "लाल शाईत येईल का रे?"

"नाही आण्णा, त्या प्रिंटरला लाल नाही. ठळक येईल."

"ठळक चालेल," आण्णा म्हणाले.

चूक झाली ती माझी आई कौसाबाईंकडे विरजण मागायला गेली तिथे. आनंद माणसाच्या पोटात मावत नाही. कौसाबाईंच्या तर दुसऱ्याचाही मावत नाही. चार वाजेपर्यंत हेंद्रेपाड्यात बातमी झाली होती की, जगाच्या सुट्ट्यांची यादी शिवरामच्या पोराच्या हातात आहे.

पहिले आले भगवानभाऊ. हे आमच्याकडचे कार्यकर्ते. दर निवडणुकीला अर्ज भरतात आणि शेवटच्या दिवशी मागे घेतात. मधल्या दिवसांत त्यांचं घर चालतं. "हरिचंद्र, अभिमान आहे आम्हाला," म्हणत आत आले, खुर्ची ओढली, चहा घेतला आणि म्हणाले, "आपल्या पक्षाच्या साहेबांचा वाढदिवस त्यात टाकून टाक. 'संकल्प दिन' म्हणून टाक, कुणाला कळत नाही."

त्यांच्या मागोमाग मांजर्लीचा किसन आला. आगरी गडी, आवाज असा की रिक्षा थांबावी. "अंजनाताय, आमचे गावदेवीची जत्रा नाय त कसला तुमचा क्यालेंडर?"

हरिचंद्र बिचारा गंभीरपणे वही घेऊन बसला. "टाकू की, किसनदादा. जत्रेची तारीख कशी ठरते? तिथीवर?"

"नाय रं. गावकी बसते न ठरवते."

"पण कॉम्प्युटरला आधी कसं कळणार, गावकी काय ठरवेल ते?"

"मंग त्याला पन बोलवा बसाला," किसन म्हणाला.

लछूसेठला सिंध्यांच्या नववर्षाचा चेटीचंड पाहिजे होता, आणि ते रास्तच होतं. वांगणीला फार्महाऊस बांधलेल्या एका डॉक्टरला मँगो फेस्टिव्हल पाहिजे होता, जो त्याने अजून सुरूही केला नव्हता. हरिचंद्र प्रत्येकाला एकच सांगायचा: "हे उघडं आहे हो, माझं नाही. तुम्ही स्वतः लिहा, स्वतः पाठवा. मी शिकवतो, क्लासात या." माणसं त्याच्याकडे वेडा झाल्यासारखी बघायची. स्वतः कसं पाठवणार? ओळख नको का? वशिल्याशिवाय काम होतं हे ऐकून त्यांचा प्रोग्रॅमवरचा विश्वासच उडायला लागला. हरिचंद्र नाही म्हणतोय म्हणजे नॉर्वेत त्याचा कुणी काका आहे आणि त्या काकाला हा फक्त स्वतःसाठी वापरतोय, असं ठरलं.

मग समिती झाली. व्हायचीच होती. 'जागतिक सुट्टी समावेश कृती समिती', अध्यक्ष भगवानभाऊ, उपाध्यक्ष इतके की सदस्य उरले नाहीत. पहिल्याच बैठकीत ठराव पास झाला: जातील तर सगळ्यांचे दिवस एकत्र जातील, नाहीतर कुणाचाच जाणार नाही.

"आमची ओळ गेलीय," हरिचंद्र म्हणाला. "घेतलीय त्यांनी."

"तोच तर प्रॉब्लेम आहे," भगवानभाऊ म्हणाले. "एकट्या तुमची ओळ आली तर बाकीच्या समाजाला मी काय तोंड दाखवू?"

माझं डोकं सणकलं. मी आतून कणकेच्या हातांनी बाहेर आले. "भाऊ, इतकी वर्षं आमची ओळ नव्हती, तेव्हा आम्हाला कोण तोंड दाखवायला आलं होतं? आं? तेव्हा तुमचं तोंड कुठं होतं?"

"ताई, तुम्ही पर्सनल घेताय," भाऊ म्हणाले.

"मग कुणाचं घेऊ, शेजाऱ्याचं?"

पण माझं कोण ऐकतं. लछूसेठच्या क्लासातून समितीची मेल निघाली. लेटरहेड स्कॅन केलेलं, वर भगवानभाऊंचा फोटो, जाकीट घातलेला, हात जोडलेला. खाली सुट्ट्या, आणि सुट्ट्यांपेक्षा लांब नावं: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, मार्गदर्शक, प्रेरणास्थान आणि सर्वांत शेवटी शुभेच्छुक. मेल इतकी जड की अख्खी दुपार फोनची लाईन धरून बसली आणि पलीकडे ओलाफची पेटी तुंबली.

ओलाफने उत्तर पाठवलं. हरिचंद्रने समितीला मराठीत वाचून दाखवलं: "कृपया एका वेळी एक दिवस पाठवा. आणि उपाध्यक्ष हा कोणत्या प्रकारचा सण आहे?"

झालं! समितीच्या अंगाची लाही लाही झाली. हा कोण टिकोजीराव आमच्या उपाध्यक्षांना विचारणारा? निषेध झाला, आणि निषेध पुरेना म्हणून साखळी उपोषण ठरलं. आता नॉर्वेचं ऑफिस काही बदलापुरात नाही. तेव्हा मांडव टेलिफोन एक्स्चेंजच्या फाटकासमोर पडला, कारण मेल जाते ती शेवटी तिथूनच. साखळी उपोषण ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते: यात सगळ्यांनी पाळीपाळीने उपाशी राहायचं असतं. नाश्ता करून आलेला जेवणाच्या वेळेपर्यंत बसतो, जेवून आलेला चहापर्यंत. किसन पहिल्या दिवशी बसला तो सुकट-भाकरी खाऊन, आणि ढेकर देऊन म्हणाला, "भूक हक्काची हाय."

भगवानभाऊ रोज मांडवाचा फोटो स्कॅन करून नॉर्वेला पाठवायचे. तिकडून चौथ्या दिवशी उत्तर आलं. ओलाफने लिहिलं होतं: "कृपा करून त्या माणसांना खायला द्या. माझं काय चुकलं ते मला सांगा. मी विद्यार्थी आहे, माझ्या आईकडे राहतो, तीही घाबरली आहे."

"टरकला!" भगवानभाऊ ओरडले. टाळ्या पडल्या.

ओलाफ एकटा असता तर निभावलंही असतं. पण त्या प्रोग्रॅमवर काम करणारी शेकडो माणसं होती, देशोदेशीची, सगळी एकमेकांना मेल लिहिणारी. आमचं उपोषण त्यांच्यात पडलं आणि तिकडे जुंपली. सुट्टी म्हणजे नक्की काय? ठरवणार कोण? एका जर्मन माणसाने उपसमिती सुचवली, दुसऱ्याने उपसमितीच्या नावालाच हरकत घेतली. हरिचंद्र रोज संध्याकाळी छापील गठ्ठा घेऊन यायचा आणि तोंड पाडून वाचायचा. मी म्हटलं, "अरे, हे तर आपल्या गल्लीतलेच निघाले. फक्त थंडीत राहतात." तो हसला नाही. देवघरात उंदीर दिसल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

सप्टेंबर संपता संपता तिकडचा निर्णय आला. वादामुळे हिंदुस्थानचं पान बंद. सरकारने छापलेल्या यादीत जो दिवस असेल तोच राहील. बाकीचे काढून टाकले आहेत.

आमची ओळ काढून टाकली.

"कुठे आहे? मला दाखव आणि जा." तोच साहेब, तेच बोट. फक्त इंग्रजीत, आणि खाली आभारी आहे लिहिलेलं.

समितीचं म्हणाल तर समितीने हा विजय मानला. नॉर्वेने दखल घेतली, पान बंद करावं लागलं, यापेक्षा आणखी काय पाहिजे? एका माजी नगराध्यक्षांच्या हस्ते मोसंबीचा रस पिऊन उपोषण सुटलं, गुलाल उडाला, पेपरात फोटो आला. हरिचंद्रचाही सत्कार ठेवला होता. तो गेला नाही, म्हणून मी गेले. माईक ओढून घेतला आणि म्हटलं, "तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाचा एक दिवस होता तो खाल्लात. उपाशी बसून खाल्लात! पोट भरलं का आता?" कुणीतरी टाळी वाजवली, सवयीने. भगवानभाऊंनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी ती तिथेच फेकून आले.

घरी हरिचंद्र आण्णांसमोर बसला होता. रडवेला झाला होता बिचारा. "आण्णा, एक करता येतं," तो म्हणाला. "प्रोग्रॅम उघडा आहे. तिकडून ओळ काढली तरी माझ्या कॉपीत मी ती ठेवू शकतो. तीच कॉपी मी उद्या तुमच्या ऑफिसात बसवतो. कागदावर चौदा तारीख ठळक येईल."

"आणि त्या ओलाफची परवानगी?"

"लागत नाही. कुणाचीच लागत नाही. म्हणून तर मी यांचं काम करतो, आण्णा. त्यांनी नाही म्हटलं तरी आपण आपलं बरोबर लिहायचं. तेवढी मोकळीक त्यांनीच दिलेली असते."

 मला वाटलं, आण्णांना ते नीटसं समजलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "कुणाचीच लागत नाही?"

"नाही."

"मग मी कुणाची मागत होतो रे एवढी वर्षं?"

  आईने स्टोव्ह बारीक केला आणि तशीच उभी राहिली.

"राहू दे तुझी कॉपी," आण्णा म्हणाले. "कॅलेंडर नको."

पुढचं मला भगवंतकाकांनी सांगितलं. ते आण्णांच्या खात्यातले, बुधवारी, तेरा तारखेला गेटपाससाठी साहेबाच्या टेबलाशी उभे होते. आण्णांनी अर्ज पुढे केला. गुरुवार, चौदा ऑक्टोबर, एक दिवस रजा, कारण: धम्मचक्र प्रवर्तन दिन. साहेब फोनवर बोलत होता. न बघता सही करून कागद सरकवला.

आण्णांनी कागद परत त्याच्यासमोर ठेवला. "साहेब, वाचून सही करा."

साहेबाने फोन ठेवला. वाचलं. केलेली सही खोडली. पण हा काही जुना खडूस साहेब नव्हता. तरुण होता, आण्णांना अहो-जाहो करायचा. डोकं खाजवून म्हणाला, "शिवराम, हे यादीत नाही हो. शुक्रवारी साप्ताहिक सुट्टीला कारखाना बंदच आहे, परवा करा ना तुमचा प्रोग्रॅम."

"दिवस चौदाचा आहे, साहेब."

"मग असं करा," साहेब अगदी प्रेमाने म्हणाला, "नेहमीसारखं आजारी लिहा. मी आत्ता सही देतो. इतकी वर्षं कुणी अडवलंय का तुम्हाला?"

म्हणजे यांना माहीत होतं! पहिल्यापासून, सगळ्या साहेबांना माहीत होतं. भगवंतकाका सांगत होते तेव्हा माझ्या कानशिलाला आग लागली. ज्या खोट्यापायी आमचा बाप ताटावरून उठून जायचा, ते खोटं त्यांना माहीत होतं, आणि त्यांना तेच आवडत होतं.

"मी आजारी नाही, साहेब," आण्णा म्हणाले. अर्ज तिथेच टेबलावर ठेवला, आणि संध्याकाळी कल्याणला जाऊन नागपूरची गाडी धरली.

शनिवारी आण्णा कामावरून आले तेव्हा आई दारातच वाट बघत होती. भगवंतकाका आधीच सांगून गेले होते की, मस्टरवर आण्णांच्या नावापुढे 'गैरहजर' पडलंय. अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा. रिटायर व्हायला दोन महिने उरलेले. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. "शेवटी शेवटी डाग लावून घेतलात," ती म्हणाली. "आजारी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आण्णांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मला कधी दिसलं नव्हतं इतकं मोठं हसले.

"गैरहजर होतो, गैरहजर लिहिलं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कंपनीने माझ्याबद्दल पहिल्यांदा खरं लिहिलंय. जेवायला वाढ."